ओदिल आत्याच्या निवृत्तीचा हुकूम

ड्यूकसाहेबांचा हुकूम आला तो रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी. ओदिल आत्याने सूप वाढलं होतं आणि सगळे पाव मोडायच्या बेतात होते. कागद घेऊन आलेला कारकून दारातच थांबला. तो कागद त्याने आन्सेल्मच्या हाती दिला, सुपाच्या वासाकडे एकदा आशेने पाहिलं आणि जिना उतरून गेला.

आन्सेल्म तुर्नमीन तीस वर्षं राजाच्या नाटक मंडळीत राजे वठवत होता. धोब्याची चिठ्ठी वाचली तरी त्याचा आवाज सिंहासनावरून यायचा. त्याने वाचलं, "येत्या गुरुवारी कुमारी सिदोनी तुर्नमीन हिने राणी झेलमिदाच्या भूमिकेत मंडळीच्या रंगमंचावर पदार्पण करावे. मंडळीतील सर्वांनी तिच्यासोबत काम करावे. कसूर झाल्यास राजाज्ञेचा भंग समजला जाईल."

सिदोनीचा चमचा ताटलीच्या काठावर तसाच राहिला. तीन वर्षं रुआंच्या रंगभूमीवर राबून ती गेल्याच महिन्यात पॅरिसला, बापाच्या घरी परतली होती. आपल्याला बोलावणं येईल, कधीतरी एखादी छोटी भूमिका मिळेल, एवढं तिने धरलं होतं. पण झेलमिदा आत्याची होती. एकोणीस वर्षं त्या मुकुटाखाली पॅरिसने दुसरा चेहरा पाहिला नव्हता.

"सुपाबद्दल त्यात काही लिहिलंय का?" लुबँने विचारलं. सिदोनीचा हा थोरला भाऊ रंगमंचावर नोकरांची कामं करायचा आणि घरीही तीच. "नसेल तर गरम आहे तोवर पिऊन घेऊ."

आन्सेल्मने कागदाची घडी घातली. "हा वेडेपणा आहे. पोरगी चोवीस वर्षांची. रंगमंचापुढच्या पिटातले उभे प्रेक्षक तिला फाडून खातील. मी उद्याच ड्यूकसाहेबांच्या पाया पडतो आणि वर्षभराची मुदत मागतो."

"मुदत मिळणार नाही, दादा," आत्या म्हणाली. ती अजून उभीच होती, डाव हातात. एकावन्न वर्षांची, ताठ मानेची, आणि घरात असताना आवाज इतका हळू की परक्याला वाटावं, हिच्या आवाजाने खिडक्या हादरतात हे लोक उगाच सांगतात. "हुकूम माझ्यामुळे आलाय. तीन आठवड्यांपूर्वी मी निवृत्ती मागितली."

आन्सेल्मने बहिणीकडे पाहिलं. "मला न सांगता?"

"तुला सांगितलं असतं तर तू वर्षभराची मुदत मागितली असतीस."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कासियाँ फ्रेमो बसला होता. मंडळीचा नकलनवीस, प्रत्येक नटाच्या वाट्याची भाषणं वेगळी काढून सुबक अक्षरात लिहून द्यायची, हे त्याचं काम. अठरा वर्षं तो या घरात राहत होता आणि अठरा वर्षं शेजारी त्याला 'भाडेकरू' म्हणत होते. चर्च नटीचं लग्न लावत नव्हतं. धंदा सोडल्याचं लिहून दिल्याशिवाय नाही. आणि राजाच्या मंडळीतल्या माणसाला राजाच्या हुकमाशिवाय धंदा सोडता येत नव्हता. या दोन दारांच्या मधल्या बोळात आत्या आणि कासियाँने संसार थाटला होता. आता उन्हाळ्यापासून त्याला खोकला लागला होता, आणि गेल्या महिन्यात रुमालावर रक्त दिसलं होतं.

"वैद्य काय म्हणाला?" सिदोनीने विचारलं.

"वैद्य म्हणाला, नाताळनंतरचं काही विचारू नका," कासियाँनेच सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं. "आणि पुढच्या रविवारपासून नाताळपर्यंत चर्चमध्ये लग्नं बंद. म्हणजे शनिवारपर्यंत झालं तर झालं. पण माझं ऐकाल तर तो कागद परत पाठवा. एका म्हाताऱ्या नकलनविसासाठी पोरीला पिटापुढे टाकू नका."

"तू गप्प बस आणि सूप पी," आत्या म्हणाली.

"ड्यूकसाहेबांचं म्हणणं तरी काय?" लुबँने विचारलं. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

"म्हणाले, राणी द्या आणि जा. राणीविना मंडळी राजापुढे कशी न्यायची?"

"आणि तू माझ्या मुलीचं नाव दिलंस," आन्सेल्म म्हणाला.

"मी नाव दिलं नाही. त्यांनी घेतलं. उन्हाळ्यात त्यांनी तिला रुआंला पाहिलंय." आत्या आता सिदोनीकडे वळली. "मी तुझ्याकडे काही मागत नाहीये, पोरी. बाबाचं खरं आहे. पिट मला ओळखतं आणि माझ्या जागी कुणी आलेलं त्याला खपणार नाही. एकदा का शिट्ट्या मारून तुला उतरवलं, की पॅरिसचं दार बंद. तू नाही म्हणालीस तरी मी तुला तितकीच जवळ करीन."

"नाही म्हटलं तर तुरुंग," आन्सेल्म म्हणाला. "म्हणून तर आजारपणाचं निमित्त काढू. ताप आलाय म्हणू."

"आणि कासियाँकाकाचं काय, बाबा?" लुबँ म्हणाला. आन्सेल्मने त्याच्याकडे असं पाहिलं, की एरवी दरबारातले भालदार मागे सरले असते. लुबँ हलला नाही. "आजीला आपण कुठं पुरलं, आठवतंय ना? नदीकाठच्या लाकडाच्या वखारीत, क्रॉससुद्धा नाही. मरताना तिला धंदा सोडल्याचं लिहून द्यायला वेळ मिळाला नाही म्हणून. आत्या आत्ता सुटली तर सुटली."

आईच्या त्या अंत्यविधीला पुढे मशाल धरून आन्सेल्मच चालला होता.

सिदोनीला भीती वाटत होती आणि ती लपवण्याइतकी ती कसलेली नटी नव्हती. पण तिला एक गोष्ट आठवत होती. ती सात वर्षांची असताना आत्याने तिला झेलमिदाचं पहिलं भाषण शिकवलं होतं, श्वास कुठं घ्यायचा ते बोटाने पाठीवर टिचकी मारून दाखवत. ते भाषण तिच्या हाडात होतं.

"मी करते," ती म्हणाली. "फक्त आत्या विंगेत उभी राहिली पाहिजे. मला दिसेल अशी."

आत्याने डाव भांड्यात ठेवला. "विंगेत उभी राहून मी काय करणार? झेलमिदाच्या दासीचं काम करते."

"ओदिल," आन्सेल्म म्हणाला. "प्रमुख नटी दासीचं काम करीत नाही. मंडळीच्या शंभर वर्षांत झालं नाही असं."

"मग ड्यूकसाहेबांची परवानगी घेऊ. त्यासाठीच तर ते आहेत."

*

मोराँबेरचे ड्यूक राजाच्या शयनगृहाचे प्रमुख सरदार होते. सकाळी राजाच्या हाती सदरा द्यायचा मान त्यांचा, आणि त्याच मानाबरोबर नाटक मंडळीही त्यांच्या ताब्यात आलेली. कोण घ्यायचा, कोण काढायचा, कोणी कोणती भूमिका करायची, कोणाला तुरुंगात टाकायचं, सगळं त्यांच्या सहीने. सोमवारी सकाळी सिदोनी आणि आत्या त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या तेव्हा न्हावी त्यांच्या केसांच्या टोपावर पूड उडवत होता.

"दासी?" ड्यूक म्हणाले. "तुर्नमीनबाई, त्या दासीला अख्ख्या नाटकात सत्तावीस ओळी आहेत."

"अठ्ठावीस, हुजूर. चौथ्या अंकातली एक आपण धरली नाहीत."

ड्यूकनी डोळे मिटून ओठ हलवले. मग मान डोलावली. "बरोबर. अठ्ठावीस." त्यांनी न्हाव्याला हाताने बाजूला केलं. सिदोनीला वाटलं होतं, माणूस उर्मट असेल. तसा तो होताही. पण नाटकाची ओळ चुकलेली त्याला बोचली होती, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. "तुम्हाला मी खुशाल जाऊ देत नाही, हे मनाला लावून घेऊ नका. मंडळी माझी नाही, राजाची आहे. तुम्ही गेलात की मला ती लंगडी वाटणार."

"हुजूर, एक विनंती. निवृत्तीच्या हुकमात लिहून द्यावं, की मला परत बोलावलं जाणार नाही."

"माझा शब्द पुरत नाही?"

"आपला पुरतो. आपल्यानंतर येणाऱ्यांचा मला माहीत नाही. आमच्यातल्या दोघांनी धंदा सोडल्याचं लिहून देऊन लग्न केलं आणि महिन्याच्या आत राजाज्ञेने पुन्हा रंगमंचावर आले. पाद्री तेव्हापासून आमच्या सहीवर थुंकतात."

ड्यूक हसले. "लिहून देतो. मुलगी टिकली तर. आणि एक लक्षात ठेवा. दासी म्हणून उभ्या राहिलात की दासीच. पिटाशी परवानगीविना एक शब्दही बोलायचा नाही. बोललात तर तुरुंग, माझा इलाज नाही."

"ठाऊक आहे, हुजूर. माझ्या भावाने तिथे अकरा दिवस काढलेत."

तो किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता. आन्सेल्मला रोज संध्याकाळी शिपाई तुरुंगातून थिएटरात आणायचे, तो दोन तास राजा व्हायचा, आणि मुकुट उतरला की परत कोठडीत.

*

चार दिवस आत्याने सिदोनीला एकदाही झेलमिदा करून दाखवली नाही. "माझी नक्कल केलीस तर पिट माझ्याच नावाने ओरडेल," ती म्हणायची. "तू नवऱ्याला सोडून जाणाऱ्या बाईसारखी बोलतेस. झेलमिदा राज्य सोडून जातेय. रडू नकोस. मोजून पाऊल टाक." कासियाँ शेकोटीपाशी बसून सिदोनीच्या प्रतीवर श्वासाच्या जागी बारीक रेघा काढून देत होता. आन्सेल्म पहिले दोन दिवस खोलीबाहेर राहिला. तिसऱ्या दिवशी आत आला, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाला, "दुसऱ्या अंकात मी तुझ्या डावीकडून येईन. उजवीकडे मेणबत्त्या कमी आहेत, तुझा चेहरा दिसणार नाही." समेट म्हणतात तो एवढाच झाला.

गुरुवारी साडेपाचला पडदा वर गेला. पिटात माणूस माणसाला घासून उभा होता. भिंतीशी बंदुका घेतलेले शिपाई. सिदोनी राणीच्या झग्यात आली आणि तिच्यामागून, करड्या कपड्यात, डोक्याला साधा रुमाल बांधून, आत्या. क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग समजलं, आणि पिट उसळलं. ओदिल, ओदिल. टाळ्या दासीला, आणि शिट्ट्या राणीला. वीस वर्षं ज्या बाईने आपल्याला रडवलं तिला ड्यूकने दासी केली, असाच सगळ्यांनी अर्थ लावला.

सिदोनीने पहिलं भाषण सुरू केलं. स्वतःचाच आवाज तिला ऐकू येत नव्हता. पहिला अंक संपला. विंगेत लुबँने तिच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला. "जिवंत आहेस," तो म्हणाला. "निम्मं काम झालं." दुसऱ्या अंकात कुणीतरी तिच्या दर ओळीनंतर खोकत होता आणि शंभर लोक त्याच्याबरोबर खोकत होते.

आत्या टाळ्यांकडे पाहत नव्हती. अभिवादन नाही, स्मित नाही. नावाने हाका येत होत्या त्या जणू दुसऱ्याच कुणाला. ती फक्त आपल्या राणीकडे पाहत होती. राणी चार पावलं चालली की दासीची मान तेवढी वळायची. राणीने श्वास घेतला की दासीचा श्वास थांबायचा. सिदोनी नंतर सांगायची, की असं कुणी माझं ऐकलं नव्हतं, ना आधी ना नंतर. इतकं ऐकणारं माणूस समोर असताना वाईट बोलणं अशक्य होतं.

आणि तिसऱ्या अंकात, झेलमिदा आपली राजमुद्रेची अंगठी उतरवून टेबलावर ठेवते तिथे, पिटाला जाणवलं की आपण ओदिलकडे बघता बघता कधीचे ती जिकडे बघते तिकडेच बघत आहोत. खोकला थांबला. सिदोनीने ओळ अर्ध्यावर सोडली, मोजून तीन पावलं टाकली, आणि उरलेली अर्धी इतक्या हळू म्हटली की मागच्या रांगेतल्यांना पुढे झुकावं लागलं. ते झुकले. त्यानंतर शेवटापर्यंत शिट्टी आली नाही.

पडदा पडायच्या वेळी टाळ्या झाल्या, भरघोस झाल्या. पण त्यातूनच एक घोळका पुन्हा सुरू झाला. शनिवारी ओदिल. राणी ओदिल. शनिवारी ओदिल. हळूहळू सगळं पिट त्यात मिसळलं. रागाने नव्हे, प्रेमाने. आणि तेच वाईट होतं. वरच्या सज्ज्यात ड्यूकसाहेब बसले होते, आणि पिटाला जी हवी ती सोडायचा मूर्खपणा कोणताही सरदार करणार नव्हता.

आन्सेल्मने बहिणीचा विचार तिच्या खांद्यांवरून ओळखला. "ओदिल, नको," तो दातांत म्हणाला.

आत्या रंगमंचाच्या कडेपर्यंत, मेणबत्त्यांच्या रांगेपर्यंत गेली. थिएटर गप्प झालं.

"गृहस्थहो," ती म्हणाली, तिच्या घरच्या आवाजात, आणि तो शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "वीस वर्षं तुम्ही माझं ऐकून घेतलंत. मी चुकले तेव्हा शिट्ट्या मारल्यात, म्हणून मी शिकले. आता मला घरी जायचंय. घरी माझं माणूस आजारी आहे. ही मुलगी सात वर्षांची असल्यापासून मी घडवलीय. ती चुकेल. तेव्हा शिट्ट्या मारा, म्हणजे तीही शिकेल. पण माझ्या नावाने मारू नका. माझ्या नावाने मारायची असेल तर टाळी मारा."

कुणीतरी हॅट काढली. मग शेजाऱ्याने. सिदोनीला वरून दिसत होतं, काळं पिट बघता बघता उघड्या डोक्यांचं झालं. टाळी मात्र बराच वेळ कुणी वाजवली नाही. ती सुरू झाली तेव्हा शिपाईही बंदुका भिंतीला टेकवून वाजवत होते.

*

ड्यूकसाहेब कलावंतांच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन कागद होते आणि गालावरच्या पावडरीत ओघळ. सगळे उठून उभे राहिले.

"हा निवृत्तीचा," ते म्हणाले. "परत न बोलावण्याचं लिहिलंय. आणि हा तुरुंगाचा. दोन रात्री. मी सही केली नाही तर उद्या प्रत्येक जण पिटाशी गप्पा मारेल."

"बरोबर आहे, हुजूर," आत्या म्हणाली.

"निवृत्तीचा कागद मी आधी दिला तर तुम्ही मंडळीत नाही, आणि मला तुम्हाला तुरुंगात घालता येणार नाही." ते थांबले. सिदोनीला वाटलं, आता आत्या हात पुढे करील.

"मी बोलले ती मंडळीतली बाई म्हणून," आत्या म्हणाली. "शिक्षाही तशीच घेते. नाहीतर उद्या या पोरीला तुम्ही तुरुंगात धाडलंत तर ती म्हणेल, आत्या सुटली होती. फक्त शनिवारी दुपारच्या आत लग्न लागलं पाहिजे."

ड्यूकनी तिच्याकडे पाहिलं. मग ते वाकले, राजघराण्यातल्या बाईपुढे वाकावं तितके, आणि तुरुंगाच्या कागदावर कोपऱ्यात लिहिलं: शनिवारी सकाळी आठ वाजता सोडावे.

शुक्रवारी दिवसभर तुरुंगाच्या दाराशी आत्याला भेटायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग लागली. कासियाँ आत बसून तिच्याशी पत्ते खेळला आणि हरला. त्याच दिवशी सिदोनीच्या नावाचा तिसरा कागद आला: कुमारी सिदोनी तुर्नमीन हिला राजाच्या मंडळीत घेण्यात येत आहे.

*

शनिवारी पाद्रीने आत्याची सही दोनदा तपासली. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचा पाववाला आणि घरमालक उभे राहिले. नटांची साक्ष चर्चला चालत नव्हती. चर्चच्या सेवेकऱ्याने आन्सेल्म, लुबँ आणि सिदोनीला दारापाशी अडवलं. तो नाइलाजाने म्हणाला, "आपण राजाच्या मंडळीतले. आपण इथेच थांबा."

"परवापर्यंत मी आत जाऊ शकले असते," सिदोनी म्हणाली.

"परवापर्यंत तू कुणीच नव्हतीस," लुबँ म्हणाला आणि तिच्या खांद्यावर आपला कोट टाकला. धुकं होतं. आन्सेल्म हॅट हातात धरून दाराच्या फटीशी उभा राहिला. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मधूनच कासियाँचा खोकला तेवढा यायचा. प्रत्येक खोकल्याला आन्सेल्म डोळे मिटायचा. पॅरिसमध्ये ज्याच्यापुढे बनावट दरबार वाकत असे, तो बहिणीच्या लग्नाला पायरीवर उभा होता. त्याची तक्रार नव्हती. सिदोनीने बापाला इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं.

दार उघडलं. आत्या कासियाँला दंडाला धरून बाहेर आली. सिदोनी पुढे झाली आणि तिला घट्ट मिठी मारली.

"आत काय झालं?" तिने विचारलं.

"वहीत नाव लिहिलं. ओदिल फ्रेमो." आत्याने धुक्याकडे बघत शाल सारखी केली. "धंदा काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही. ते लिहायला त्याला एवढासा वेळ लागला."

सिदोनीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"किती वाजले?" आत्याने विचारलं.

"साडेअकरा."

"मग तू इथे काय करतेस? साडेपाचला पडदा आहे," ती म्हणाली, आणि नवऱ्याला सांभाळत एकेक पायरी उतरू लागली.